कारखान्याची माहिती जपताना

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवणाऱ्यांनी आधी एक काम करावे: आपल्या नेमक्या कोणत्या माहितीमुळे गिऱ्हाईक आपल्याकडे टिकून आहे, ती कागदावर लिहून काढावी. बहुधा ती फिक्श्चरच्या (काम चालू असताना भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाच्या) मापांत, हीट ट्रीटमेंटच्या (धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलण्याच्या) तापमानात, खरेदीच्या दरांत आणि कोटेशन काढण्याच्या पद्धतीत असते.

भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने न्यायालयात आधार मिळतो तो मुख्यतः लेखी कराराचा आणि माहिती गुप्त ठेवण्यासाठी आपण प्रत्यक्ष काय केले याच्या पुराव्याचा. म्हणून कामगार रुजू होताना, तसेच ड्रॉइंग बाहेर जॉबवर्कला (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) देण्याआधी, गोपनीयतेचा करार करावा. ‘नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाणार नाही’ या अटीवर मात्र विसंबू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे ती सहसा टिकत नाही, आणि माझ्या मते माणसाच्या पोटावर पाय देणारी अट घालूही नये.

लेथशेजारी चिकटवलेल्या ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाचे नाव आणि दर कशाला हवेत? ऑपरेटरला मापे, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि पार्ट नंबर पुरतो. मालाची गाडी घेऊन आलेला कोणीही मोबाइलवर फोटो काढू शकतो, हे लक्षात ठेवावे.

पेटंट २० वर्षे संरक्षण देते, पण त्यासाठी पद्धत जाहीर करावी लागते. त्यामुळे वस्तू उघडून पाहताच कळणाऱ्या नव्या रचनेसाठी पेटंटचा विचार करावा आणि चार भिंतींआड राहणारी प्रक्रिया गुपितच ठेवावी. कोणी काम सोडले, तर त्याच दिवशी टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) आणि ई-मेलचे पासवर्ड बदलावेत.