सिम्युलेशनमध्ये ट्रान्झिस्टर जळत नाही, म्हणून वॅट आणि तापमान आपणच काढायचं

एलटीस्पाइसमध्ये (सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) बीसी५४७ या छोट्या ट्रान्झिस्टरमधून दोन अँपिअर काढून बघा, काहीही होणार नाही, उलट ग्राफ मस्त येईल. खरा बीसी५४७ फक्त १०० मिलिअँप आणि अर्ध्या वॅटचा, तो केव्हाच गेला असता. मॉडेलच्या ओळीत कधीकधी व्होल्टेज आणि करंटचं रेटिंग लिहिलेलं दिसतं, पण ते नुसतं माहितीसाठी, सिम्युलेटर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि तापमान आपण बदललं नाही तर पूर्ण रनभर २७ डिग्रीच.

उदाहरण घेऊ. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट, लोड अर्धा अँपिअर, बेसला ५.६ व्होल्टचा झेनर डायोड आणि टीआयपी३१सी हा ट्रान्झिस्टर एमिटर फॉलोअर म्हणून, म्हणजे आउटपुट एमिटरवरून. रन झालं की ऑल्ट दाबून ट्रान्झिस्टरवर क्लिक करा (विंडोजवर, कर्सरचा थर्मामीटर होतो), पॉवरचा ग्राफ येतो. मग कंट्रोल दाबून ग्राफच्या वरच्या नावावर क्लिक केलं की सरासरी मिळते, पण ती स्क्रीनवर दिसतोय तेवढ्याच भागाची असते, म्हणून सुरुवातीचा कॅपॅसिटर चार्ज होतानाचा भाग झूम करून बाहेर काढा नाहीतर आकडा भलताच येईल. इथे साधारण ३.५ वॅट येतील.

आता डेटाशीट उघडली की पहिल्याच पानावर ४० वॅट, मग काय टेन्शन, असं वाटतं. पण ते ४० वॅट केसचं (बाहेरच्या बॉडीचं) तापमान २५ डिग्री ठेवलं तरच, आणि ते कोण ठेवणार? हीटसिंक नसेल तर २५ डिग्रीच्या हवेत तोच ट्रान्झिस्टर २ वॅटचा. खरे कामाचे आकडे खाली असतात: जंक्शन (आतली चिप) ते हवा ६२.५ डिग्री प्रति वॅट, जंक्शन ते केस ३.१, कमाल जंक्शन १५०. नागपूरच्या मे महिन्यातले ४५ डिग्री धरा, ३.५ गुणिले ६२.५ म्हणजे २१९, अधिक ४५, झाले २६४. संपला विषय, हीटसिंक लागणारच.

हेच त्याच स्कीमॅटिकमध्ये मांडता येतं, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. बीआय नावाचा करंट सोर्स घ्या, त्याच्या फॉर्म्युल्यात कलेक्टर-एमिटर व्होल्टेज गुणिले कलेक्टर करंट लिहा, आता १ अँपिअर म्हणजे १ वॅट उष्णता, १ व्होल्ट म्हणजे १ डिग्री आणि १ ओहम म्हणजे १ डिग्री प्रति वॅट. त्यापुढे सिरीजमध्ये रेझिस्टर: जंक्शन-केस ३.१ ओहम, मायका आणि पेस्टचा अंदाजे १, हीटसिंकचा १२, आणि शेवटी ४५ व्होल्टचा सोर्स म्हणजे बाहेरची हवा. करंट सोर्सच्या टोकाला जितके व्होल्ट तितकी जंक्शनची डिग्री, इथे १०१ च्या आसपास. व्होल्टेज ४५ च्या खाली गेलं तर करंट सोर्स उलटा बसलाय. लोड सतत चालू-बंद होणारा असेल तर हीटसिंकच्या रेझिस्टरला समांतर कॅपॅसिटर लावा, फॅरडच्या जागी जूल प्रति डिग्री, अॅल्युमिनियमला ग्रॅममागे साधारण ०.९ पकडा. मग तापायला किती वेळ लागतो तेही दिसतं, फक्त रन लांब ठेवायला लागतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हे तापमान परत ट्रान्झिस्टरकडे जात नाही, तो आपला २७ लाच बसलेला. बेस-एमिटर व्होल्टेज डिग्रीमागे साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं, त्यामुळे पुश-पुल अॅम्प्लिफायरचा बायस (सिग्नल नसतानाही वाहणारा करंट) थंडीत ठीक आणि गरम झाल्यावर पळत सुटतो, तेव्हा फक्त आउटपुट ट्रान्झिस्टरच्या मॉडेलच्या नावापुढे temp=100 लिहून परत रन करा. .temp ही डायरेक्टिव्ह (स्कीमॅटिकवर लिहायची सूचना) टाकू नका, त्याने सगळं सर्किटच १०० ला जातं. सेकंड ब्रेकडाऊन (जास्त व्होल्टेजवर चिपचा एकच भाग तापून ट्रान्झिस्टर जाणं) तर साध्या मॉडेलमध्ये नसतोच, म्हणून जास्त व्होल्टेजवर वॅट कमी दिसले तरी सेफ ऑपरेटिंग एरियाचा (किती व्होल्टला किती करंट चालतो त्याचा) ग्राफ डेटाशीटमध्ये डोळ्यांनी बघायचा.