आयटीआयला फिटर घेतलाय? पहिलं वर्ष असं जातं

लातुरात दहावी झालेल्या पोराला कुणी विचारलं की पुढं काय, तर उत्तर ठरलेलं असतं. नीट, नाहीतर जेईई. ट्युशन एरियातल्या त्या गर्दीतून सेफ्टी शूज घालून आयटीआयला जाताना सुरुवातीला जरा अवघड वाटतं, खोटं कशाला सांगू. मी मुलगी आणि त्यात ट्रेड (म्हणजे शिकायचा कोर्स) फिटर, यंत्राचे भाग घासून-मापून बसवण्याचा, म्हणून प्रश्न दुप्पट. आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा आहेत, पण बहुतेक जणी कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) किंवा शिवणकामाकडं वळतात. आमच्या वीसच्या बॅचमध्ये आम्ही तिघी होतो.

नवीन येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. अभ्यास कराल, जॉब (वर्कशॉपमध्ये मापात बनवायला दिलेले तुकडे) कराल, ते तर करायचंच. पण वर्षभरात संस्थेत जे इतर काही चालतं, प्रदर्शन, पूजा, स्पर्धा, कारखान्याची भेट, त्यात मागं उभं राहू नका. त्यातनंच जास्त हाताला लागतं.

आधी वर्कशॉपचं सांगते. 2022 पासूनच्या अभ्यासक्रमात वर्षाचे 1200 तास आहेत आणि त्यातले 840 प्रात्यक्षिकाचे. फिटरला याचा अर्थ सुरुवातीला नुसती कानस. व्हाईस, म्हणजे तुकडा पकडायचा शिकंजा, कोपराच्या उंचीला आहे का बघायचं, त्यात एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा पकडायचा आणि घासत राहायचं. आधी बास्टर्ड ही खरबरीत कानस, मग सेकंड कट, मग बारीक दातांची स्मूथ. ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून तुकडा खिडकीकडं धरायचा. फटीतून उजेड आला की सर लांबूनच ओरडायचे, "उजेड दिसायलाय बघ. अजून घास." कानस वर-खाली डुलली की कडा खाली जातात आणि मधे उंचवटा राहतो. दोन्ही हातांचा दाब पुढं जाताना कसा बदलायचा हे पुस्तकात आहे, पण ते मनगटाला कळायला वेळ लागतो.

मार्किंगच्या, म्हणजे मापाच्या रेघा आखायच्या आधी तुकडा चकचकीत करून त्यावर मोरचूदाचं पाणी लावतात. हेच मोरचूद आपल्याकडं द्राक्षाच्या बोर्डो फवारणीला आणतात. लोखंडावर तांब्याचा तांबूस थर चढतो आणि स्क्राइबरची (टोकदार आखणीची) रेघ त्यावर लख्ख उठते. मोजायच्या साधनांत वर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01. पुढं मेल-फिमेल जॉब येतो, एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा. तो ±0.04 मिमीमध्ये बसवायचा म्हणजे खरी परीक्षा.

पास होण्याचं गणित नीट समजून घ्या. प्रात्यक्षिकाला किमान 60 टक्के लागतात, थिअरीला 33. हजेरी 80 टक्के. खेड्यातून एसटीनं येणाऱ्यांचं गाडं या हजेरीवरच अडतं, म्हणून एसटीच्या पासचा अर्ज प्रवेशाच्या आठवड्यातच सही-शिक्क्यासाठी ऑफिसात द्या. विद्यार्थी पासला 66.67 टक्के सवलत आहे. जॉब तपासून झाले की बहुतेक संस्थेतच जमा होतात, तेव्हा सरांना विचारून मोजमापासकट फोटो काढून ठेवा.

आता बाकीचं. 17 सप्टेंबरला विश्वकर्मा दिन असतो आणि आपल्या मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनही. सकाळी झेंडावंदन, मग आदल्या बॅचच्या पोरांना प्रमाणपत्रं. पण वर्कशॉपचा खरा सण म्हणजे खंडेनवमी. आदल्या दिवशी सगळी मशीन पुसून, ऑइल घालून, झेंडूची माळ घालायला तयार करायची. त्या निमित्तानं लेथ मशीनच्या चेंज गिअरचं (वेग बदलायच्या दातेरी चाकांचं) झाकण सरांनी उघडलं. फळ्यावर काढलेली गिअर ट्रेन, म्हणजे एकमेकांत अडकलेली चाकं, आम्ही तिथं पहिल्यांदा नीट पाहिली, हातानं फिरवून. पोरं त्या दिवशी दांडी मारतात. मारू नका.

क्रीडास्पर्धा, रक्तदान, वृक्षारोपण होतंच. आवडीप्रमाणे जा.

तंत्रप्रदर्शनाला मात्र नाव द्याच. आमच्या गटानं सोयाबीनचं एकेक बी पेरायचं टोकण यंत्र केलं. लातुरात सोयाबीन सोडून दुसरं काय सुचणार! हातानं ढकलायचं एकच चाक, त्याला चोची, चोच जमिनीत शिरली की उघडते आणि बी पडतं. बाजारात अशी यंत्रं मिळतात, त्यामुळं नवीन शोध वगैरे काही नव्हता. पण करायला बसलो तेव्हा हिशोब सुरू झाला. दोन बियांत 10 सेंमी अंतर हवं आणि चोची 12, म्हणजे परीघ 120 सेंमीच्या आसपास, म्हणजे व्यास साधारण 38. शाळेत पाय (π) म्हणजे 3.14 हे पाठ केलं होतं, पण त्याचा उपयोग इथं झाला. चोचींची पाती आम्ही घासली, चाक वेल्डर ट्रेडच्या पोरांनी जोडलं. जोडल्यावर चाक डुगडुगायला लागलं, मग कुणाचं चुकलं यावर दोन्ही ट्रेडची चांगली भांडणं झाली.

परीक्षकांनी रंगरंगोटीकडं बघितलंसुद्धा नाही. त्यातले एक म्हणाले, "ओल्या काळ्या रानात चोच मातीनं भरली तर?" आम्ही माती खरवडायला पट्टी लावली होती, कारण गटातल्या एकाच्या वडिलांनी यंत्र बघताक्षणी हाच प्रश्न केला होता. जिल्ह्यात दुसरा नंबर आला. पुढं शिकाऊ उमेदवारीसाठी वाळूजला मुलाखत झाली, तेव्हा साहेबांनी मार्कलिस्ट बाजूला ठेवून याच यंत्राचं ड्रॉइंग कागदावर काढायला लावलं.

इंडिया स्किल्स ही देशपातळीवरची कौशल्यांची स्पर्धा बहुतेकांना माहीतच नसते. त्यातून निवडलेले पुढं वर्ल्ड स्किल्स या जागतिक स्पर्धेला जातात. 2024 ला ती फ्रान्समधल्या ल्योनला झाली. बहुतेक प्रकारांना वयाची अट 22 आहे, त्यामुळं दहावीनंतर लगेच आलेल्यांना वेळ भरपूर. भाग घ्यायचा नसेल तरी तिथले जुने टेस्ट प्रोजेक्ट (स्पर्धेत करायला दिलेली कामं) इंटरनेटवर बघा, मापं किती काटेकोर असतात ते कळेल.

कंपनीतल्या 150 तासांच्या प्रशिक्षणाला पोरांना मोठी, एसीवाली कंपनी हवी असते. माझं मत वेगळं आहे. साखर कारखान्यात जागा मिळाली तर घ्या, आणि तीही गाळप संपल्यावर. हंगामात मशीन थांबत नाही, तुम्हाला कुणी जवळ उभं करणार नाही. उन्हाळ्यात मेंटेनन्सला सगळं उघडतं, पंप, गिअर बॉक्स, मिलचे रोलर. बेअरिंग काढायचं कसं आणि बसवायचं कसं, हे तिथले जुने फिटर दाखवतात. फक्त त्यांना काका म्हणायचं, आणि हातात मोबाइल दिसू द्यायचा नाही. एमआयडीसीतल्या डाळ मिल, तेल मिलही वाईट नाहीत.

कागदपत्रांचं एक. आधार, दहावीची मार्कलिस्ट आणि आयटीआयचा प्रवेश, तिन्हीकडं नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते पहिल्या महिन्यात तपासा. शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करताना एका अक्षरानंही अर्ज अडकतो. दोन वर्षांनी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं असेल किंवा भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता घ्यायची असेल, तरी हेच कागद लागतात. दुरुस्तीला हेलपाटे फार पडतात, आणि ते दुसऱ्या वर्षात परवडत नाहीत.