पिंप, टाकी आणि खदाण : मुलांना पाण्यापासून कसे जपावे

ठाण्यात किंवा नवी मुंबईत मुले आणि पाणी असा विषय निघाला की बोलणे येऊरच्या ओढ्यांवर आणि खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर जाते. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला मात्र सर्वांत जवळचा धोका घरच्या बाथरूममध्ये असतो. उद्या शटडाऊन, म्हणजे पाणीपुरवठा बंद असल्याचा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला की रात्रीच पिंप, टब आणि हाताला लागतील तेवढ्या बादल्या काठोकाठ भरल्या जातात. एक-दीड वर्षाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. तरंगणारा मग घेण्यासाठी ते वाकले की तोल पुढे जातो, पाय सुटतात आणि स्वतःला मागे ओढण्याइतके बळ त्याच्या हातांत नसते. नाक-तोंड झाकेल एवढे, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर पाणीही पुरते. त्यामुळे पिंपाला घट्ट झाकण असावे, बाथरूमला बाहेरून मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी असावी, आणि नळाला पाणी आले की बादल्या रिकाम्या करून पालथ्या घालाव्यात. अंघोळ घालताना दारावरची बेल वाजली तर मुलाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्यावे, कुरियरवाला थांबतो.

इमारतीखालच्या टाकीकडे आपले लक्ष कमीच जाते. मुले जिथे क्रिकेट खेळतात तिथेच पुष्कळदा तिचे झाकण असते. टाकी साफ करून माणसे गेल्यावर ते नीट बसवून कुलूप लावले आहे की नाही, हे समितीतील एकाने स्वतः पाहावे.

सोसायटीच्या तरणतलावावर वेगळीच अडचण असते. काठावर दहा मोठी माणसे बसलेली असतात आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी पाहतो आहे. शिवाय बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी वर-खाली होत असते, मिळालेला क्षण श्वास घेण्यातच जातो, आणि हात मदतीसाठी हलण्याऐवजी पाणी खाली दाबत राहतात. त्यामुळे ऐकू येईल या भरवशावर राहू नये. पंधरा-पंधरा मिनिटांची पाळी नाव घेऊन ठरवावी आणि पाळी असलेल्याने मोबाइल दुसऱ्याकडे द्यावा. पोहता न येणाऱ्या लहान मुलापासून मोठे माणूस हातभर अंतरावर, पाण्यातच असावे. दंडाला लावायचे हवेचे फुगे हे खेळणे आहे, लाइफ जॅकेट नव्हे.

मोठ्या मुलांच्या बाबतीत मला पोहता येण्याचा आत्मविश्वासच अधिक धोक्याचा वाटतो. तरणतलावाचा तळ दिसतो आणि कडेला धरायला दांडी असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जुन्या दगडखाणींत पावसाळ्यात साचलेल्या पाण्याला यातले काहीच नसते. कडा सरळ तुटलेल्या असतात आणि एका पावलात खोली बदलते. ओढ्यात उतरल्यावर वर डोंगरात पाऊस झाला तर काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी गढूळ होऊ लागले की वस्तू तिथेच टाकून काठ गाठावा. खाडीत ओहोटीच्या वेळी उघडा पडलेला चिखल पाय धरून ठेवतो, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. बंदी असलेल्या जागी पाटी पाहून मागे फिरावे, ही सवय मुलांना आपल्यालाच पाहून लागते.

कोणी बुडताना दिसल्यास पोहता येत असले तरी एकदम उडी मारू नये, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच खाली ओढतो. आधी ओढणी, साडी, काठी किंवा दोरीला बांधलेला, बूच लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन त्याच्याकडे टाकावा आणि दुसऱ्याला 112 किंवा 108 वर फोन करायला सांगावे.

बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटे धरण्यात किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. पाठीवर झोपवून हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या गतीने, साधारण 5 सेंटिमीटर खोल 30 दाब द्यावेत; पुढे दर 30 दाबांनंतर दोन श्वास, हे मदत येईपर्यंत थांबवू नये. तान्ह्या बाळाचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकावे आणि 4 सेंटिमीटरच दाबावे. मूल शुद्धीवर येऊन रडू लागले तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण पाणी फुप्फुसांत गेले असल्यास श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.