मॉडेल जहाजाची पट्टी नाळेवर मोडते? कर्लिंग रॉड वापरा

लाकडी जहाजाच्या सांगाड्यावर पट्ट्या बसवताना मधला भाग भराभर होतो. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, वळण एकदम येतं आणि कोरडी पट्टी कटकन मोडते. त्यासाठी महागडं यंत्र नको. केस कुरळे करायचा साधा कर्लिंग रॉड पुरतो. (घरात विचारून घ्या. जुना, टाकाऊ असेल तर उत्तमच.)

१. १.५ ते २ मिमी जाडीची पट्टी गरम पाण्यात १५-२० मिनिटं बुडवा. अर्ध्या मिमीची असेल तर नुसती बुचकळून काढा.

२. वरचं पाणी फडक्याने टिपा.

३. पट्टीची सपाट बाजू तापल्या रॉडवर टेकवून दोन्ही टोकं धरा. चर्र आवाज येतो, वाफ निघते. पट्टी हाताला सैल लागली की मगच हळूहळू वाकवा, जोर लावू नका. हवं त्याहून थोडं जास्तच वळण द्या, कारण सोडल्यावर ती जराशी उलगडते. अक्रोडाच्या लाकडाला बासवुड या मऊ लाकडापेक्षा जास्त वेळ लागतो.

४. लगेच सांगाड्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवून रात्रभर वाळू द्या.

पट्टी अशी फक्त सपाट बाजूनेच वाकते. रुंदीत वळवायला गेलात तर पिळवटते. तिथे कड तासून निमुळती करणंच बरं.

आणि ओली असताना चिकटवू नका. भिजलेलं लाकूड फुगलेलं असतं. वाळून आकसलं की दोन पट्ट्यांमध्ये फटी दिसू लागतात.