लेटेस्ट टाकलं तरी सॉफ्टवेअर उघडेना? रनटाइमच्या या चुका टाळा

मार्चअखेरीची गडबड. आमच्या बेळगावकडच्या खानापूरजवळच्या एका सोसायटीतून क्लार्कचा फोन आला, "दादा, नवा कॉम्प्युटर बसवला, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर काय उघडेना. पोरानं तीनदा डॉटनेट टाकलं." कुठलं टाकलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "एकदम लेटेस्ट!"

घोटाळा तिथेच होता. सॉफ्टवेअर सगळी कामं स्वतः करत नाही. खिडकी उघडणं, प्रिंट काढणं यासाठी लागणारा तयार भाग मशीनमध्ये आधीच आहे असं धरून ते लिहिलेलं असतं. तो तयार भाग म्हणजे रनटाइम. आणि लिहिणाऱ्यानं जी आवृत्ती धरली, तीच त्याला लागते.

डॉटनेट हा मायक्रोसॉफ्टचा असाच रनटाइम. त्याच्या बाबतीत तर नाव एक आणि घरं तीन. डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ हे जुनं घर. २.० आणि ३.० साठी लिहिलेली सॉफ्टवेअरंही त्यातच चालतात. फ्रेमवर्क ४.८ हे दुसरं. ४.० पासून पुढची त्यात बसतात आणि विंडोज ११ मध्ये ते आधीपासून असतं. तिसरं घर म्हणजे नुसतं डॉटनेट ६, ८ वगैरे. ८ टाकल्यानं ३.५ ची गरज भागत नाही. इतकंच काय, ६ साठी लिहिलेलं सॉफ्टवेअरही ८ वर आपोआप चालत नाही. शिवाय या तिसऱ्या घरात खिडक्यांच्या सॉफ्टवेअरला 'डेस्कटॉप रनटाइम'च लागतो. साधा रनटाइम उतरवून काही होत नाही.

सोसायटीचं सॉफ्टवेअर ३.५ मागत होतं. ते त्यांच्या विंडोजमध्येच होतं, फक्त बंद. स्टार्टमध्ये 'विंडोज फीचर्स' शोधा, यादीतल्या सगळ्यात वरच्या डॉटनेट ३.५ पुढे टिक करा. त्याच्या आतले दोन छोटे चौकोन तसेच सोडा. इंटरनेट चालू हवं, कारण फाइल्स विंडोज अपडेटमधून येतात. काम दहा मिनिटांचं. पण पोरगा तोवर फॉरमॅट मारायच्या तयारीत होता! फॉरमॅट करून काय होणार? नव्या विंडोजमध्येही ३.५ बंदच असतं, वर डेटा जायची भीती.

आमच्या भागात आणखी एक सवय आहे. सॉफ्टवेअर उघडलं नाही की पहिला संशय फॉन्टवर. शहापूरच्या एका प्रेसमध्ये मराठी आणि कन्नड, दोन्ही पत्रिका छापतात. तिथल्या काकांनी कन्नडचे सगळे फॉन्ट काढून परत घातले, तरी एरर तोच. एररमध्ये एका फाइलचं नाव होतं: एमएसव्हीसीआर१२०.डीएलएल. हा फॉन्टचा विषयच नाही. १२० म्हणजे व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१३, हाही मायक्रोसॉफ्टचाच एक रनटाइम. १०० असेल तर २०१०. १४० असेल तर २०१५ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी मिळून एकच पॅकेज आहे.

मग काकांच्या मशीनमधलं २०१३ चं पॅकेज गेलं कुठे? प्रोग्रामच्या यादीत व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाच्या आठ-दहा ओळी दिसल्या, म्हणून कुणीतरी कचरा समजून काढून टाकल्या. तो कचरा नव्हे. प्रत्येक ओळीवर कुठलं ना कुठलं सॉफ्टवेअर उभं असतं. मग काकांनी कुठल्याशा साइटवरून ती एकच डीएलएल उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकली. ही त्याहून मोठी चूक. अशा साइटवरच्या फाइलमध्ये काय भरलंय कुणास ठाऊक. आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ फोल्डर ६४ बिटच्या फाइल्सचा असतो, नाव काहीही सांगो. काकांचं सॉफ्टवेअर ३२ बिटचं. ७बी नं संपणारा एरर आला तर बहुतेक वेळा हीच सरमिसळ झालेली असते. पॅकेज मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या आणि ६४ बिटच्या मशीनवरही एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं), दोन्ही टाका.

जावा हा आणखी एक रनटाइम, पण त्याचं दुखणं उलटं. निपाणीच्या एका कर सल्लागारांकडे डिजिटल सहीचं नवं टूल बंद पडलं. एररमध्ये दोन आकडे होते, ६१ आणि ५२. अशा आकड्यांतून ४४ वजा करायचे. टूलला हवा जावा १७, मशीनमध्ये ८. "मी तर जावा अपडेट केला होता हो," ते म्हणाले. केला होता, पण ८ चा अपडेटर ८ चंच नवं बिल्ड आणतो. १७ वेगळा टाकावा लागतो.

टाकला, तरी एरर कायम! कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर जावा' दिल्यावर दोन पत्ते आले, वरचा ८ चा. वर जो असेल तोच चालतो. पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे जिथे शोधतं त्या पत्त्यांच्या यादीत, १७ चा पत्ता वर सरकवला. त्यांना ८ काढूनच टाकायचा होता. मी थांबवलं, कारण त्यांचं जुनं रिटर्नचं टूल जावाएफएक्स या खिडक्या दाखवणाऱ्या भागावर चालतं आणि तो भाग जावा ११ पासून जावातून वेगळा केलाय. आता त्या टूलच्या शॉर्टकटमध्ये ८ चा पूर्ण पत्ता लिहून दिलाय. दोघे शेजारी शेजारी नांदतात.

तेव्हा मला एररचा फोटो पाठवताना खालचा आकडा कापू नका. अर्ध्या फोटोवरून अंदाज बांधण्यात माझा अर्धा दिवस जातो.

प्रेसवाल्या काकांनी आता मॉनिटरच्या बाजूला कागद चिकटवलाय: कुठल्या सॉफ्टवेअरला कुठला रनटाइम. खाली लाल पेननं, मराठीत आणि कन्नडमध्ये: विचारल्याशिवाय काही काढू नये.