मनातली अढी लिहायची कशी
आमच्याकडे गोव्यात फोंड्याच्या बाजूला गावच्या उत्सवात मराठी नाटक असतंच, आणि दरवेळी नवं स्क्रिप्ट हातात आलं की त्यात कुणीतरी समोरच्याला तोंडावर सांगतं, "माझ्या मनात तुझ्याबद्दल अढी आहे." असं कोण बोलतं हो? स्वतःबद्दल बोलताना हा शब्द माणूस वापरतो तो नाही म्हणायला. "छे छे, माझ्या मनात कसलीच अढी नाही" असं कोणी आपणहून म्हणालं की समजायचं, आहे.

म्हणून आधी बघा बोलतंय कोण. स्वतःचं दुखणं स्वतः सांगायचं तर 'सल' घ्या. शल्य म्हणजे काटा, त्यावरून आलेला शब्द, तो आत बोचतो आणि त्याला समोर कोणी दोषी लागतोच असं नाही, आईला शेवटचं भेटता आलं नाही तर सलच राहतो, अढी नव्हे. 'डूख' सापाचा, एकदा धरला म्हटलं की प्रेक्षक पुढच्या अंकात फणा कधी निघतो ह्याची वाट बघत बसतो. 'आकस' वागण्यातला, आकसाने बदली केली वगैरे. अढीला मात्र माणूस लागतो, कारणही लागतं (बहुतेकदा फालतू), पण सूड नको असतो.

आंब्याची अढी बघितलीय ना? मानकुराद आंबे उतरवले की पेंढ्यात घालून वर परत पेंढा टाकतात, वरून काहीच दिसत नाही पण खोलीत पाऊल टाकलं की वास येतो. लिहिताना मी हेच डोक्यात ठेवतो. उलट दिवाळीच्या पहाटे कारीट (छोटं कडू फळ) फोडून जिभेला लावतो तो कडूपणा फोव, म्हणजे पोहे, खाल्ले की गेला, तसला राग असेल तर उगाच अढी म्हणू नका.

म्हणजे सीनमध्ये वास यायला हवा. समजा चवथीला सगळे मूळ घरी जमलेत, मोठा भाऊ स्टुलावर चढून माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळांनी सजवलेली चौकट) बांधतोय, धाकटा नारळ-सुपारी घेऊन आलाय पण पिशवी देतो वहिनीच्या हातात. खालून म्हणतो, "वहिनी, त्यांना सांगा डावीकडची गाठ सैल आहे." सख्ख्या भावाला 'त्यांना'! बस, इथे अढी हा शब्द लिहायचाच नाही. लिहायचाच असेल तर नंतर चुलीपाशी दोन बायकांच्या बोलण्यात टाका, कारण अढी कायम तिसऱ्यालाच दिसते.

क्रियापदं सांभाळा, अढी बसते, धरतात, ठेवतात, सुटते. "अढी झाली" कानाला खटकतं. आणि ती सुटलेली दाखवायला मिठ्या, रडणं, पाठीमागे बासरी, काही नको, धाकट्याने स्टूल धरून वर बघत नुसतं म्हणावं, "दादा, सुंभ इकडे दे, मी बांधतो."