आटलेल्या बोअरचं पुनर्भरण

काळ्या पाषाणात पाणी फटींतूनच फिरतं. पावसाचं गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडलं की या फटी गाळाने बुजतात आणि बोअर कायमची वाया जाऊ शकते. म्हणून सगळी मेहनत गाळणीवर घ्या.

पावसाआधी केसिंगभोवती (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाभोवती) 2 मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा. खड्ड्यात उघड्या पडलेल्या केसिंगच्या खालच्या अर्ध्या मीटरला 5 मिमीची भोकं पाडून वर नायलॉनची बारीक जाळी दोन वेढे गुंडाळा. दोन्ही कडा दोरीने घट्ट आवळा. कड जरा सैल राहिली तरी वाळू आत ओघळते. मग तळाला 60 सेंमी धुतलेले गोटे, त्यावर 60 सेंमी खडी, परत जाळी आणि 30 सेंमी जाड वाळू. वरचा अर्धा मीटर रिकामा ठेवा.

शेतातलं पाणी आधी गाळखड्ड्यातून, म्हणजे माती तळाशी बसू देणाऱ्या वेगळ्या खड्ड्यातून घ्या. गोठ्याचं किंवा फवारणी झालेल्या रानाचं पाणी मात्र अजिबात नको, तेच पुढे पिण्यात येतं! छताचं पाणी उत्तम: 100 चौरस मीटरवर 10 मिमी पाऊस म्हणजे 1000 लिटर, हाती साधारण 800.

वाळूवर चिखलाची साय धरून पाणी तुंबलं, तर वरची 10 सेंमी वाळू काढून धुवा.